नवी म्हैस आणावी, की आहे तोच गोठा नीट करावा?

भोगावतीकाठ (धागाकर्ता)
रामराम मंडळी. करवीर तालुक्यात भोगावतीच्या काठाला आमचं गाव. दीड एकर ऊस, थोडं भात. गोठ्यात दोन मुऱ्हा आणि एक पंढरपुरी म्हैस, दोन एचएफ (होल्स्टीन) गायी आणि तीन रेडकं-वासरं. गेल्या दिवाळीत दोन्ही वेळचं मिळून ३४ लिटर दूध संस्थेला जात होतं, आज २१ वर आलंय. म्हशीचं फॅट सातच्या वर असायचं, आता सहाच्या आत. एक मुऱ्हा व्याल्याला अकरा महिने झाले, तीनदा भरवली (रेतन केलं), तिन्ही वेळा उलटली, म्हणजे गाभण राहिलीच नाही. एका गाईला दगडी (कासेचा दाह) झाली, एक सड जवळजवळ गेलंच.

आबांचं म्हणणं सरळ आहे. उलटणारी वीक, वर पैसे घाल आणि हरियाणाची ताजी व्यालेली मुऱ्हा आण. व्यापारी दीड लाखाच्या घरात बोलतोय, दिवसाला १६ लिटरची गॅरंटी देतोय. माझं मन घेत नाही, पण आबांपुढं मांडायला माझ्याकडं दुसरं काही नाही.

खाणं असं: दोन्ही वेळा उसाचं वाडं (शेंड्याचा हिरवा पाला), भाताचं पिंजर, सरकी आणि गोळी पेंड मिळून दुभत्या म्हशीला रोज ५ किलो. पाणी सकाळ-संध्याकाळ दाखवतो. लस सरकारी डॉक्टर येतील तेव्हा. सांगा, कुठं चुकतंय? की आबांचंच बरोबर?

गंगावेस_कट्टा
१६ लिटरची गॅरंटी वाचून चहा सांडला. ही गॅरंटी ट्रकातनं म्हैस उतरेपर्यंतच असते भावा. उतरली की व्यापारी म्हणणार, "पाणी बदललं, आठ दिवस थांबा." आठ दिवसांनी फोन लागत नाही.

कागलचा_पावणा
+१. माझी गोष्ट सांगतो. तीन वर्षांखाली अशीच आणली. बाजारात समोर धार काढून दाखवली, दोन्ही वेळचं बारा लिटर. घरी आल्यावर सात. नंतर कळलं, आदल्या दिवशी धारच काढली नव्हती, कास तुंबवून आणलेली. आता कुठंही जनावर बघायला गेलो की सलग तीन धारा बघतो. पहिली धार माझ्या समोर रिकामी करायची, ती हिशेबात नाही, पुढच्या दोन मोजायच्या. रात्री तिथंच मुक्काम. व्यापाऱ्याला राग आला तर येऊ दे.

निवृत्त_पशुवैद्य
भोगावतीकाठ, तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये निम्मं आहे. दोन गोष्टी वाचून थांबलो: "वाडं दोन्ही वेळा" आणि "पाणी दोनदा दाखवतो".

आधी पाणी. दुधात ८० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. दुभतं जनावर दिवसाला साठ-सत्तर लिटर सहज पितं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आणि ते एका दमात पीत नाही. वैरण खाल्ली की थोडं, रवंथ झाल्यावर थोडं, रात्री थोडं. दोनदा बादली दाखवली की ते जेवढं मिळेल तेवढ्यावर भागवतं आणि दूध कमी करतं. गव्हाणीला लागून टाकी बांधा, चोवीस तास भरलेली. याला पेंडीइतका खर्च नाही.

आता वाडं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्याची धुराडी पेटली की गोठ्यात वाड्याशिवाय काही दिसत नाही. फुकट मिळतं, जनावर आवडीनं खातं, पोट भरतं. पण त्यात प्रथिनं फार कमी आणि ऑक्झॅलेट भरपूर. हे ऑक्झॅलेट चाऱ्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं, ते जनावराच्या अंगाला लागत नाही. चार-सहा महिने हे चाललं की हाडातलं कॅल्शियम दुधात जायला लागतं. जनावर वाळतं, माजावर वेळेत येत नाही, व्याल्यावर आडवं पडतं. वाडं बंद करा असं म्हणत नाही, कोल्हापुरात ते सांगून कोण ऐकणार? पण त्याच्या जोडीला लसूणघास किंवा चवळी घाला, कुट्टी करून द्या, वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडा आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणात (भिजवलेल्या पेंडीत) टाका. रोज म्हणजे रोज, आठवण झाली तेव्हा नाही.

उलटणाऱ्या म्हशीचं नंतर लिहितो, तो मोठा विषय आहे.

अंधेरी_लोकल
आमच्या पिशवीतल्या दुधाच्या मागं एवढं रामायण असतं हे आज कळलं. वाचतोय.

शिरोळ_घाटावर
डॉक्टरसाहेब, वाड्याबद्दल थोडा विरोध नोंदवतो. आमच्या शिरोळ तालुक्यात आज्जापासून वाड्यावरच जनावरं पोसली. माझ्या वडलांच्या म्हशीनं नऊ वेतं दिली. तेव्हा कुठलं खनिज मिश्रण होतं?

निवृत्त_पशुवैद्य
तुमच्या आजोबांच्या काळात म्हैस दिवसाला चार-पाच लिटर देत होती, बांधावर चरायला जात होती, दहा प्रकारचा पाला खात होती. आज तीच दावणीला बांधलेली, दुप्पट दूध मागता आणि खायला एकच वस्तू. चार लिटर दुधात जाणारं कॅल्शियम आणि दहा लिटरमध्ये जाणारं, हिशेब तुम्हीच करा. नऊ वेतांच्या म्हशीला माझा नमस्कार आहे, ती होतीच तशी.

शिरोळ_घाटावर
चरायला जायची हे खरं. आता बांधच राहिला नाही, ऊस गव्हाणीपर्यंत आलाय. मागे घेतो.

गडहिंग्लजची_सून
दादा, मी वेगळंच विचारते. धार कोण काढतं तुमच्याकडं?

भोगावतीकाठ (धागाकर्ता)
ताई, आधी आई काढायची. दिवाळीनंतर तिचा खांदा धरला, तेव्हापासून एक पोरगं ठेवलंय. तासाभरात पाचही जनावरं उरकून जातं, लई चपळ आहे.

गडहिंग्लजची_सून
मग फॅट कुठं गेलं ते मला कळलं.

दादा, कासेतलं सगळं दूध सारखं नसतं. पहिल्या धारा पातळ, शेवटच्या दाट. सगळ्यात जास्त फॅट शेवटच्या अर्ध्या लिटरात असतं. तुमचं पोरगं चपळ आहे म्हणजे ते शेवटचं अर्धा लिटर कासेत ठेवून पुढच्या म्हशीकडं पळतंय. नाहीतर शेवटचं रेडकाला सोडतंय. रेडकू तूप खातंय आणि संस्थेला ताक जातंय.

आणि एक बघा, ते अंगठा दुमडून सड ओढतं का? आमच्याकडं एक गडी असाच होता. अंगठ्याच्या हाडाखाली सड चेंगरतं, आतून इजा होते, मग दगडी आलीच म्हणून समजा. पूर्ण मुठीनं पिळायचं, ओढायचं नाही. तुमची दगडी आणि तुमचं फॅट एकाच हातातनं आलेत असं मला वाटतंय.

मी सासरी आले तेव्हा मला धार येत नव्हती. सासूबाईंनी सहा महिने फक्त पान्हवायला (कास चोळून दूध उतरवायला) लावलं, सडाला हात लावू दिला नाही. तेव्हा राग यायचा.

गंगावेस_कट्टा
आक्का, लाखातलं बोललात. संस्थेला ताक, आता हे मी सगळीकडं वापरणार.

निवृत्त_पशुवैद्य
ताई, हे मी पहिल्याच पोस्टला विचारायला हवं होतं. चाळीस वर्षांच्या नोकरीत गोठ्यात गेलो की आधी चारा बघायची सवय, हात बघायची नाही. बरोबर पकडलंत.

त्यात भर एवढीच. कास धुतली, सडाला हात लागला की मेंदूतून संप्रेरक सुटतं, पान्हा येतो आणि पाच-सात मिनिटं टिकतो. म्हशीला पान्हा यायला गाईपेक्षा वेळ लागतो. ती पान्हवायच्या आत ओढायला सुरुवात केली, वर आरडाओरडा झाला, काठी बसली, की ती दूध चोरते. म्हणजे लबाडी करते असं नाही, घाबरलेल्या जनावराच्या अंगात पान्हा अडतो. आणि कृपा करून पान्ह्याची इंजेक्शनं कोणी सुचवू नका. दूध काढण्यासाठी टोचणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

दगडीसाठी: धार झाल्यावर सडाचं तोंड अर्धा तास उघडं राहतं. त्या वेळात जनावर शेणात बसलं की जंतू आत. म्हणून धार झाली की सड पोव्हिडोन आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच गव्हाणीत वैरण टाका, म्हणजे ते उभं राहतं. दगडी झालेल्या गाईची धार सगळ्यात शेवटी काढायची, नाहीतर त्याच हातानं सगळ्या गोठ्याला वाटाल. आणि तिला प्रतिजैविक चालू असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध संस्थेला घालू नका. घालतात लोक, मला माहीत आहे.

वाठारचा_बंडू
मशीन घ्या मशीन. मुठीचा आणि अंगठ्याचा वादच मिटला.

कागलचा_पावणा
मशीन घेऊन वर्ष झालं. वाद मिटत नाही, बदलतो. कप रोज धुतले नाहीत तर तेच दगडीचं घर. दूध संपल्यावर चालू ठेवलं तर सड सुजतं. माझ्या दोन म्हशींनी महिनाभर मशीनला लाथा घातल्या, आवाजानंच पान्हा यायचा नाही. पाच जनावरांना मशीन म्हणजे पावशेर भाजीला छोटा हत्ती.

भोगावतीकाठ (धागाकर्ता)
आज संध्याकाळी मुद्दाम गोठ्यात उभा राहिलो. पोरगं अंगठा दुमडूनच ओढतंय. आणि तिसऱ्या म्हशीची धार झाल्यावर आईला म्हटलं, बघ जरा. तिनं दुखऱ्या खांद्यानं बसून आणखी पाऊण लिटर काढलं. पोरगं बघतच राहिलं. आबा काही बोलले नाहीत, पण तिथनं हलले पण नाहीत.

पोराला ओरडलो नाही. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

अंधेरी_लोकल
हा धागा मालिकेपेक्षा भारी चाललाय.

पंढरपुरी_प्रेमी
मी जरा जातीकडं वळतो. हरियाणाची मुऱ्हा, हरियाणाची मुऱ्हा सगळे म्हणतात. आपली पंढरपुरी काय वाईट आहे? सोलापूर, सांगली, कोल्हापूर हा तिचा मुलूख. तलवारीसारखी लांब शिंगं, अंगानं हलकी, दिवसाला सहा-सात लिटर, पण कडब्यावर पण दूध देते, फॅट सातच्या वर आणि वर्षाला वेत. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर ज्या म्हशी उभ्या असतात त्या बघा. गिऱ्हाईक आलं की पाव लिटर, दुसरं आलं की अर्धा, भर रस्त्यात गाड्यांच्या आवाजात. मुऱ्हाला सांगा असं करायला.

गंगावेस_कट्टा
आमच्या कट्ट्याचं नाव काढलंत, आता बोलावंच लागतंय. लहानपणी आजा तालमीतनं येताना मला घेऊन जायचा. चरवीतनं फेसाळ धारोष्ण दूध, ओठावर पांढरी मिशी. आणि दिवाळी पाडव्याला म्हशी सजवून, शिंगं रंगवून, मोरपिसं बांधून पळवायच्या. मालक पुढं मोटारसायकलवर, मागं म्हैस हाकेवर धावते. दावं नाही, काठी नाही. बाहेरच्याला खोटं वाटतं, पण कसबा बावड्यात येऊन बघा.

निवृत्त_पशुवैद्य
पाडव्याची म्हैस बघून माझेही डोळे भरतात. पण धारोष्ण दुधाबद्दल मी रसभंग करणार. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षय माणसाला होऊ शकतो. ब्रुसेलोसिसमध्ये महिनोन्‌महिने ताप येतो-जातो, सांधे धरतात आणि निदान लागत नाही. माझ्या बरोबरच्या एका सहकाऱ्याला झाला होता, हातानं वार (व्याल्यावर पडणारं जार) काढताना. उकळून प्या.

गोठ्याच्या बाजूनं: सातव्या महिन्यानंतर जनावर गाभडलं तर त्या वासराला, वारेला उघड्या हातानं हात लावू नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्याला टाकू नका, आणि डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. कालवडींना आणि मादी रेडकांना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस एकदाच द्यायची असते. २०१९ पासून लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेला या दोन्हींची लस केंद्राच्या कार्यक्रमात आहे, कानात बारा आकडी बिल्ला त्यासाठीच. "डॉक्टर येतील तेव्हा" असं म्हणू नका, तुम्ही विचारायला जा. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याच्या आधी. जून उजाडला की उशीर झाला.

गंगावेस_कट्टा
आजा ९१ वर्षं जगला कच्च्या दुधावर. पण नातवाला उकळूनच देतो, खोटं कशाला बोलू.

गगनबावडी
लसीवरनं माझं पण ऐका. २०२२ ला लम्पी आला तेव्हा आमच्या वाडीत गाईची लस करायला माणसं कां-कूं करत होती. "लस दिली की दूध तुटतं." चार दिवस दूध थोडं कमी होतं, खरं आहे. पण ज्यांनी दिली नाही त्यातल्या एकाची खोंडं गेली, अंगभर गाठी, पाय सुजलेले, शेवटी उठताच येईना. म्हशींना तेवढा त्रास झाला नाही. आमच्याकडं पाऊस लई, माशा आणि गोचिडी लई, त्यावरनंच पसरतंय असं डॉक्टर म्हणाले होते.

गोचिडीवर एक अनुभवाचं: फक्त जनावराला औषध लावून काही होत नाही. गोचीड अंडी घालायला अंगावरनं उतरते आणि भिंतीच्या फटीत जाते. आम्ही दगडी भिंतीच्या सगळ्या फटी सिमेंटनं बुजवल्या, वर चुना मारला. तेव्हा कुठं कमी झाल्या.

भातपट्ट्यातल्यांनी अजून एक ध्यानात ठेवा, भोगावतीकाठ तुम्ही पण. पाणथळ शेतात छोट्या गोगलगायी असतात, त्यांच्यातनं चपट्या कृमी जनावराच्या काळजात (यकृतात) जातात. जबड्याखाली पाण्यासारखी सूज, पातळ शेण, दूध कमी, लक्षण हेच. साध्या जंताच्या गोळीनं ह्या जात नाहीत, शेण तपासून वेगळं औषध लागतं. आम्ही तीन वर्षं चुकीची गोळी देत होतो.

भोगावतीकाठ (धागाकर्ता)
पंढरपुरीच्या जबड्याखाली मधे सूज होती, आम्हाला वाटलं दाव्यानं घासलं. उद्या शेण घेऊन दवाखान्यात जातो.

खरवसवाला
इतक्या गंभीर चर्चेत एक हलका प्रश्न. नवी म्हैस आली की खरवस कुणाकुणाला वाटणार?

गडहिंग्लजची_सून
खरवस हलका प्रश्न नाही भाऊ! आमच्या शेजारी पहिल्या दिवसाचा सगळा चीक पाहुण्यांत वाटतात आणि रेडकू महिन्यात मरतं. मग म्हणतात, "दृष्ट लागली."

निवृत्त_पशुवैद्य
ताई, परत नेमकं. जन्मलेल्या रेडकाच्या रक्तात रोगाशी लढायचं काहीच नसतं, ते फक्त चिकातनं मिळतं. आतड्यातनं ते शोषलं जाण्याची ताकद पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त, चोवीस तासांनी जवळजवळ संपते. म्हणून पहिला चीक तासा-दोन तासाच्या आत, वार पडायची वाट न बघता. पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. ३० किलोच्या रेडकाला ३ लिटर, तीन-चार वेळा विभागून. उरेल त्याचा खरवस खुशाल करा, मला पण पाठवा.

आणि म्हशीच्या रेडकांना आईच्या दुधातूनच गोल जंत येतात. दहा-पंधरा दिवसांचं झालं की जंताचं औषध द्या. पांढरट, वास मारणारी हगवण लागून रेडकं मरतात त्यातली बरीच यानं वाचतात. तुम्ही आज दीड लाख देऊन म्हैस आणायला निघालात, आणि गोठ्यातली रेडी मात्र तीन वर्षांनी फुकट म्हैस होणार आहे, हे कुणी बघत नाही.

चहाटळ
डॉक्टर, फुकट कुठं? तीन वर्षं खाणार ती काय हवा? हिशेब काढा.

निवृत्त_पशुवैद्य
फुकट शब्द मागे घेतो. पण व्यापाऱ्याच्या म्हशीचा इतिहास कुणाला माहीत नाही, हिचा तुम्हाला माहीत आहे. आईनं किती दूध दिलं, कुठल्या रेताची आहे, लस झाली का, सगळं. त्याची पण किंमत धरा.

आता राहिलेली गोष्ट, उलटणारी म्हैस. भोगावतीकाठ, तिचा माज कोण बघतं आणि केव्हा?

भोगावतीकाठ (धागाकर्ता)
खरं सांगू का, दिवसा दिसला तर. दुपारी सोट (माजाचा चिकट स्राव) दिसली की फोन करतो, कृत्रिम रेतनवाला दुसऱ्या दिवशी येतो.

निवृत्त_पशुवैद्य
इथं गाडी अडलीय. म्हशीचा माज मुका असतो. गाईसारखी ओरडत नाही, दुसऱ्यावर चढत नाही. बहुतेक म्हशी संध्याकाळी उशिरा ते पहाटे माजावर येतात. वारंवार थोडी थोडी लघवी, शेपटी जरा बाजूला, काचेसारखी सोट, धार एकदम कमी, वैरणीकडं दुर्लक्ष. रात्री दहाला आणि पहाटे पाचला बॅटरी घेऊन बघा, बसलेल्या म्हशीच्या मागं सोटीचा डाग असतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. तुम्ही दुपारी बघता, रेतन दुसऱ्या दिवशी, तोवर माज संपून गेलेला. अशी दहा वेळा भरवा, दहा वेळा उलटणार.

गर्भाशयात दोष असू शकतो, एकदा तपासून घ्या. सोट गढूळ असेल तर न भरवता आधी उपचार. पण आधी घड्याळ नीट करा. आणि वहीत लिहा: व्याल्याची तारीख, माजाची तारीख, भरवल्याची तारीख. एकवीस दिवसांनी पुन्हा बघायचं. गाय २८० दिवस, म्हैस ३१० दिवस गाभण राहते. व्यायच्या आधी दोन महिने दूध आटवायचं, त्यात कास सावरते.

कागलचा_पावणा
वहीवरनं माझा हिशेब. भाकड म्हशीला माझ्याकडं रोज दीडशे रुपयांची वैरण-पेंड जाते. एक माज चुकला म्हणजे २१ दिवस, म्हणजे तीन हजाराच्या वर. धागाकर्त्यानं तीन चुकवलेत. व्यापाऱ्याचा दीड लाख बाजूला ठेवा, ही गळती आधी मोजा.

वाठारचा_बंडू
आमच्यात वही आहे, फक्त त्यात उधारी लिहिलीय.

शिरोळ_घाटावर
महापुराच्या पट्ट्यातल्यांसाठी एक वाक्य. पाणी गोठ्यात यायच्या आधी दावी सोडा. २०१९ ला आणि २०२१ ला आमच्या ओळखीत बांधलेली जनावरं गेली, सोडलेली पोहून बांधावर लागली. म्हैस पोहते. आणि पूर ओसरल्यावर भिजून बुरशी लागलेली पेंड-वैरण "वाया कशाला" म्हणून देऊ नका.

मुक्त_गोठा_राधानगरी
दावी सोडा म्हटल्यावर मला राहवलं नाही. बारा जनावरं मुक्त गोठ्यात आहेत माझ्याकडं, जाळीचं कुंपण, मधे पाण्याची टाकी, एका बाजूला छप्पर. शेण रोज काढावं लागत नाही, जनावर पाहिजे तेव्हा पितं, खाजवतं, आणि माज ओळखायला सोपं जातं कारण बाकीची जनावरंच सांगतात. अंग घासायचा ब्रश लावलाय, त्याच्यापाशी रांग लागते. पण आमच्याकडच्या पावसात चिखल होतो, तळ उंच आणि मुरमाचा नसेल तर खूर सडतात. दोन गुंठे नसतील तर याच्या नादी लागू नका.

मुरघास पण सांगतो. मका दाणा चिकात असताना कापायचा, बारीक कुट्टी, पिशवीत किंवा खड्ड्यात दाबून दाबून हवा काढायची, ४५ दिवस बंद. कारखाने बंद झाल्यावर वाडं संपतं तेव्हा हाच कामाला येतो. वरचा थर काळा, बुरशी आलेला दिसला तर सरळ उकिरड्यावर. पहिल्या वर्षी मी तो दिला होता आणि दोन गायींनी तीन दिवस तोंड लावलं नाही.

पंढरपुरी_प्रेमी
मूळ प्रश्नाकडं या की रे. म्हैस घ्यायची का नाही?

गडहिंग्लजची_सून
घ्यायची असेल तर घ्यावी, पण त्याच हातात, त्याच दोन बादल्या पाण्यावर आणि त्याच वाड्यावर ती पण सहा महिन्यांत तिथंच येणार. मग आबा म्हणणार, अजून एक आणा.

भोगावतीकाठ (धागाकर्ता)
पाच आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी.

पाण्याची टाकी बांधली, गवंड्यासकट सहा हजार गेले. पहिल्याच रात्री सगळ्या जनावरांनी इतकं पाणी ओढलं की सकाळी टाकी कोरडी. वाडं निम्म्यावर आणलं, बांधावर फुले जयवंत गवताची कांडी लावलीत, तोवर शेजाऱ्याकडनं लसूणघास विकत. खनिज मिश्रणाचं काम आईकडं, तिनं चमचा ठरवलाय, त्यामुळं चुकत नाही. शेण तपासलं, पंढरपुरीला चपट्या कृमीच निघाल्या, गगनबावडी तुमचे आभार. दूध २१ वरनं २५ वर आलंय, फॅट साडेसहा. ३४ नाही. दगडीच्या गाईचं ते सड गेलंच, डॉक्टर म्हणाले उशीर झाला होता.

उलटणारी मुऱ्हा परवा पहाटे साडेचारला आईला माजावर सापडली. बॅटरी घेऊन मलाच उठवलं. त्याच संध्याकाळी भरवली. एकवीस दिवस मोजायला वही केलीय, पहिल्या पानावर आबांनी गणपती काढला.

व्यापारी परत आला होता. आबांनी त्याला चहा दिला आणि विचारलं, "तुझ्या म्हशीची धार कोण काढत होतं?" तो गेला.

आता माझी अडचण. पोराला आई मुठीची धार शिकवतेय, पण ते सकाळचंच येतं, म्हणून संध्याकाळच्या धारा मी घेतल्यात. बोटं सुजलीत, मोबाइल धरवत नाही, हे डाव्या हातानं टाइप केलंय. पंढरपुरी मला बघितलं की पान्हा चोरते आणि काल चरवीसकट उडवलं. काय करू?

गडहिंग्लजची_सून
आठवडाभर धार काढू नका. नुसतं आंबोण तुम्ही घाला आणि पाठ खाजवा. आईला शेजारी बसवा.

गंगावेस_कट्टा
आणि आईची साडी खांद्यावर टाकून बसा. हसू नका, आमच्या आजानं केलंय.